चर्चगेटच्या पुढची लोकल : कुलाबा स्टेशन नेमकं का बंद झालं?

चर्चगेट_स्लो | शुक्र, १२ सप्टेंबर २०२५, २२:४०

मंडळी,

नोकरी बदलली आणि नवं ऑफिस निघालं कुलाब्यात. म्हणजे रोज चर्चगेटला उतरायचं, सबवेतून वर यायचं आणि शेअर टॅक्सीच्या रांगेत उभं राहायचं. काल पावसात पस्तीस मिनिटं उभा होतो. पुढे एक आजोबा होते, ऐंशीच्या घरातले. मी छत्री विसरलेलो बघून त्यांनी आपली अर्धी माझ्या डोक्यावर धरली आणि म्हणाले, "माझे वडील गाडीतून थेट कुलाब्याला उतरायचे. तुम्ही लोक उगाच भिजताय."

मला वाटलं, वयोमानाने गफलत होतेय. घरी येऊन शोधलं तर खरंच! बीबीसीआय रेल्वेची (म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेची) लाइन चर्चगेटला संपत नव्हती, पुढे कुलाब्यापर्यंत जात होती. ३१ डिसेंबर १९३० च्या रात्री बंद केली. कहर म्हणजे ५ जानेवारी १९२८ ला कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल सुरू झाली होती. म्हणजे खांब रोवले, तारा ओढल्या आणि जेमतेम तीन वर्षांत गाशा गुंडाळला.

का? जिथे पाहावं तिथे एका ओळीत उत्तर आहे : 'बॅकबेच्या भरावासाठी'. अहो, भराव घालतात समुद्रात. त्यासाठी जमिनीवरचे रूळ कशाला उखडायचे? जाणकारांनी सांगावं.

विरार_फास्ट | २२:५२

आधी डांबर टाकायचं, मग रस्ता खोदायचा. परंपरा इतकी जुनी आहे हे माहीत नव्हतं.

पांढरा_कांदा | २३:०५

शीर्षक वाचून उडालोच. आम्ही अलिबागकर अजून रेल्वेची वाट बघतोय आणि तुम्ही म्हणताय कुलाब्याची बंदसुद्धा झाली?

विरार_फास्ट | २३:०७

@पांढरा_कांदा, काका, तो कुलाबा वेगळा. तुमच्या कुलाबा जिल्ह्याचं १९८१ ला रायगड झालं.

पांढरा_कांदा | २३:१५

ते ठाऊक आहे रे बाळा, गंमत केली. पण दुखणं खरं आहे. पेणहून थळच्या खत कारखान्यापर्यंत रूळ आलेत. खत गाडीने जातं, माणसं एसटीने. चालू द्या तुमचं.

ठाकूरद्वारी | शनि, १३ सप्टेंबर, ०७:२०

प्रश्न चांगला आहे, म्हणून जरा मागून सुरुवात करतो. धागाकर्ते ज्या भरावाबद्दल विचारताहेत तो दुसरा. कुलाब्याची लाइन मुळात पहिल्या भरावाची देणगी.

१८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पुरात ज्या कंपन्या निघाल्या त्यांत बॅकबेचा समुद्र भरून काढणारी कंपनी सगळ्यांची लाडकी. पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या भावाने घेत होते लोक. प्रेमचंद रायचंद या खेळातले सर्वांत मोठे. १८६५ ला युद्ध संपलं, कापूस गडगडला, कंपनी बुडाली, निम्मी मुंबई बुडाली. मागे उरली किनाऱ्यालगतची अर्धवट भरलेली चिंचोळी पट्टी. ती सरकारजमा झाली आणि तिच्यावर बीबीसीआयला रूळ टाकायला जागा मिळाली. गाडी १८६४ ला ग्रँट रोडपर्यंत आली होती, १८६७ ला बॅकबे, १८७० ला चर्चगेट आणि दोन-तीन वर्षांत कुलाबा. पुढे १८९६ ला कुलाब्याला टोलेजंग नवी इमारत झाली, म्हणून काही ठिकाणी स्टेशनचं साल १८९६ दिसतं. त्यावर इथे कुणी भांडू नये.

म्हणजे चित्र असं : पूर्वेला शहर, मग रूळ, मग समुद्र. हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर ही रांग तेव्हा समुद्राकडे तोंड करून उभी होती आणि मधून गाडी जायची.

आता दुसरा भराव. १९२० च्या सुमारास गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी पुन्हा बॅकबे भरायला घेतला, त्यासाठी वेगळं विकास खातं काढलं. समुद्राचे आठ तुकडे पाडले होते, पुरे झाले चारच : पहिला, दुसरा, सातवा, आठवा. सगळे मिळून ४४० एकरांच्या आसपास. भिंत गळकी. आत टाकलेला गाळ फटींतून पुन्हा समुद्रात. पैसा गाळासारखाच वाहून गेला. लोकांनी योजनेचं नाव ठेवलं 'लॉइडचा वेडेपणा'. बॅरिस्टर खुर्शेद नरिमन यांनी या कारभारावर इतकी झोड उठवली की खात्यातल्या हार्वे नावाच्या इंजिनिअराने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. नरिमन सुटले. आणि आज त्याच समुद्रावर भर घालून केलेल्या जमिनीला आपण नरिमन पॉइंट म्हणतो! हा विनोद कुणी ठरवून केला असता तर जमला नसता.

आता रुळांचा संबंध. भराव झाल्यावर 'शहर, रूळ, समुद्र' याचं झालं 'शहर, रूळ, नवं शहर'. नवी जमीन विकायची तर फोर्टातून तिथे सरळ जाता यायला हवं. मध्ये रुळांची भिंत आणि फाटकं असतील तर तिथे प्लॉट कोण घेणार? माझ्या मते लाइन उठली ती यामुळे. पहिल्या भरावाने दिली, दुसऱ्याने नेली.

मंजिरी | ०८:०२

सकाळी सकाळी असा प्रतिसाद! दंडवत. वाचनखूण साठवली.

बोरीबंदरचा_बोका | ०९:३४

ठाकूरद्वारी काकांचं सगळं मान्य, निष्कर्ष सोडून. इमारती-प्लॉट हे वरचं लेणं झालं. कुलाब्याचं पोट भरायचं कापसावर.

मुंबईचा कापसाचा बाजार आधी फोर्टात, सेंट थॉमस चर्चच्या पुढ्यातल्या हिरवळीवर भरायचा. १८४४ ला तो कुलाब्याला नेला. गुजरात, खानदेश, वऱ्हाड, सगळीकडच्या गासड्या तिथे पडायच्या. तिथपर्यंत रेल्वे नेण्याचं खरं कारण हे, साहेबाला समुद्राची हवा खायला घालणं नव्हे. पुढे १९२० च्या दशकात हा बाजार उठून शिवडीकडे गेला आणि जाताना नावही घेऊन गेला. म्हणून आज हार्बरवर कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन आहे. तिथे हिरवं काय आहे ते तिथे उतरणाऱ्यांनीच सांगावं.

कापूस गेल्यावर कुलाब्याच्या यार्डात राहिलं काय? दोन किलोमीटर रूळ आणि एक देखणी इमारत. भराव हे निमित्त.

(आणि हो, मी जीआयपीवाला, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेवाला, असल्यामुळे बीबीवाल्यांचं काही बंद पडलं की मला बरं वाटतं. हलके घ्या.)

ठाकूरद्वारी | १०:१०

बोकोबा, कापसाचा मुद्दा मी विसरलो होतो, कबूल. पण माल गेला म्हणून माणसांची गाडी कुणी बंद करत नाही. ग्रँट रोडला कुठे कापूस येतो?

चर्चगेट_स्लो | १०:२५

वा! इतकं येईल असं वाटलं नव्हतं. पण माझा दुसरा प्रश्न अजून लटकलाय. बंद करायचीच होती तर १९२८ ला वीज का आणली?

विरार_फास्ट | १०:३१

टेंडर निघालं होतं.

सांधेवाला | ११:४५

वाचतोय कालपासून. लिहायचा कंटाळा, पण विषय घरचा. रेल्वेत गाड्या चालवण्याच्या खात्यात चौतीस वर्षं काढली, आता निवृत्त.

वर दोघं भांडताहेत ते दोघंही प्रवाशाच्या किंवा मालाच्या बाजूने बघताहेत. जरा स्टेशनमास्तराच्या खुर्चीतून बघा. कुलाबा हे लोकलचंही शेवटचं स्टेशन होतं आणि लांबच्या गाड्यांचंही. फ्रंटियर मेल १ सप्टेंबर १९२८ ला सुरू झाली ती कुलाब्याहून, थेट पेशावर. अशी गाडी आली की डबे धुवायला, पाणी भरायला, इंजिन फिरवायला ऐसपैस यार्ड लागतं. एकीकडे समुद्र, दुसरीकडे शहर, अशा पट्टीवर ते वाढवणार कुठे? शिवाय विजेच्या लोकल वाढल्या की त्याच रुळांवर मेल गाड्या आणणं म्हणजे देवळाच्या दारात बैलगाडी लावण्यासारखं. तेव्हा मेल गाड्या वेगळ्या काढणं भाग होतं. बॉम्बे सेंट्रल त्यासाठी बांधलं. क्लॉड बॅटली यांचा आराखडा, एकवीस महिन्यांत उभं, १८ डिसेंबर १९३० ला उद्घाटन. शेजारचं लोकलचं स्टेशन आधी बेलासिस रोड म्हणून ओळखलं जायचं.

तारखा जुळवून बघा. १८ डिसेंबरला बॉम्बे सेंट्रल सुरू, ३१ डिसेंबरला कुलाबा बंद. मधे तेरा दिवस. ही एकाच हालचालीची दोन टोकं आहेत. मेल गाड्या गेल्या, कापूस आधीच गेलेला, जमिनीवर सरकारचा डोळा. मग उरलेल्या लोकलसाठी पुढचे दोन किलोमीटर कोण सांभाळणार?

विजेचं म्हणाल तर विद्युतीकरण हे बरीच वर्षं आधी ठरवून, विलायतेहून सामान मागवून करायचं काम. बोटीत चढलेलं सामान आराखडा बदलला म्हणून उतरवत नाहीत. टेंडरवाला विनोद चेष्टेत केलाय, पण फार दूर नाही.

एक गोष्ट मात्र चुकली असं माझं मत आहे, आणि ती रोज भोगतोय तुम्ही-आम्ही. चर्चगेट हे मधलं स्टेशन होतं, ते टोकाचं झालं. मधल्या स्टेशनात गाडी येते, तीस सेकंद थांबते, पुढे जाते. टोकाला आलेली गाडी त्याच फलाटावरून उलटी निघते. मोटरमन-गार्डनी जागा बदलायच्या, सिग्नल मिळायची वाट बघायची, आणि येणारी गाडी व जाणारी गाडी स्टेशनच्या तोंडाशी एकमेकींचे सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा) अडवणार. फलाट चार. कितीही गाड्या वाढवा म्हटलं तरी शेवटी त्या तोंडातून मावतील तेवढ्याच. पुढे दोन किलोमीटर रूळ आणि कुलाब्याला रिकामं यार्ड राहिलं असतं तर? जाऊ दे. चहा गार झाला.

मंजिरी | १२:१५

सांधेवाला काका, तुमचं सदस्यनाव आत्ता कळलं. मी इतके दिवस सांधेदुखी समजत होते.

सांधेवाला | १२:२०

तीही आहे.

वसईचा_वेलची | १३:४०

अवांतर होईल, पण आमच्याकडचंही एक बंद स्टेशन याच लाइनचं. १२ एप्रिल १८६७ ला विरार ते बॅकबे अशी पहिली लोकल सुटली. सकाळी विरारहून एक, संध्याकाळी बॅकबेहून परत एक. बास. त्या वेळच्या स्टेशनांच्या यादीत वसईनंतर 'पांजे' आहे. ते म्हणजे आमचं पाणजू, खाडीतलं बेट. आज तिथून गाड्या धडधडत जातात, थांबत एकही नाही. त्याच यादीत 'पहाडी' आहे, ते आताचं गोरेगाव.

विरार_फास्ट | १३:४८

दिवसाला एकच गाडी? मग चौथी सीट कुणाला मिळायची? आणि नालासोपाऱ्याचे लोक तेव्हाही उलटे विरारला जाऊन बसून यायचे का?

वसईचा_वेलची | १३:५५

तेव्हा नालासोपाऱ्याहून चढणारा माणूस दिसला तर गार्ड खाली उतरून राम राम करत असेल.

चेंबूरकरीण | १५:३०

कुलाब्याचं एवढं कौतुक चाललंय म्हणून आमचीही नोंद घ्या. जीआयपीने १९२८ ला ट्रॉम्ब्याहून कुर्ल्यामार्गे अंधेरीपर्यंत लाइन काढली होती. सुमारे तेरा किलोमीटर. १९३४ ला उखडली. उणीपुरी सहा वर्षं! कुर्ला-चेंबूर तुकडा त्याच्याही आधीचा. तो १९०६ मध्ये शहराचा कचरा वाहण्यासाठी घातला आणि १९२४ ला त्यावरून माणसं न्यायला लागले. आता तो हार्बर लाइनमध्ये आहे. कचऱ्याच्या लाइनवर माणसं टिकली, माणसांची लाइन गेली.

मी रोज साकीनाक्याला जाते. अंधेरी-कुर्ला रोडवर रिक्षात बसून मीटर पळताना बघते, तेव्हा १९३४ ला ज्यांनी रूळ काढले त्यांच्या सात पिढ्यांना उचक्या लागत असतील.

बोरीबंदरचा_बोका | १५:४२

बघा, जीआयपीची लाइन शेवटी उपयोगी ठरली असती. (हुश्श, एक तरी मुद्दा.)

जाता जाता, आमच्याकडेही बॅलार्ड पिअर मोल स्टेशन होतं. विलायतेहून टपालाची बोट लागली की समोरच पंजाब-दिल्लीकडची गाडी उभी. बोटीवरून उतरा, गाडीत बसा. हंगामात फ्रंटियर मेलही तिथूनच सोडायचे. साहेबाला शेअर टॅक्सी करावी लागत नसे.

टेम्सकाठी | १७:१०

इथे लंडनला अशा बंद लाइनींचं छान करतात. अलेक्झांड्रा पॅलेसला जाणारी एक शाखा १९५४ ला बंद झाली. तिच्या बऱ्याचशा भागावर आता पायवाट आहे, पार्कलँड वॉक. दोन्ही बाजूंनी झाडं, मधूनच जुन्या स्टेशनचे ओसाड फलाट. मी लेकीला सायकल तिथेच शिकवली. ती फलाटावर चढून 'माइंड द गॅप' ओरडायची. आपल्याकडे कुलाब्याच्या जागी काय आहे?

मंजिरी | १८:२५

@टेम्सकाठी, माझं बालपण आहे.

बधवार पार्क. रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत. बाबा रेल्वेत होते, त्यामुळे १९७० च्या दशकात काही वर्षं आम्ही तिथे राहिलो. हल्ली बधवार पार्क म्हटलं की लोकांना २००८ आठवतं, कारण अतिरेक्यांची बोट समोरच्या मच्छीमारांच्या वस्तीशी लागली. आमच्या वेळी तिथे संध्याकाळी सुकत घातलेल्या बोंबलाचा वास यायचा आणि आई खिडक्या लावून घ्यायची, बस.

इथे पूर्वी स्टेशन होतं एवढं आम्हा पोरांना माहीत होतं. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचा उद्योग ठरलेला : रूळ शोधणे. मागच्या बाजूच्या मोकळ्या जागेत स्वयंपाकघरातली उलथनी घेऊन खणायचो. एकदा लोखंडाचा एक वाकडा तुकडा लागला. हातभर लांब, गंजून पापुद्रे सुटलेले, एका टोकाला भोक. आम्ही तो धुतला, खोबरेल लावलं, बुटाच्या खोक्यात कापूस घालून ठेवला आणि 'कुलाबा स्टेशनचा रूळ' म्हणून बघायला पाच पैसे घ्यायला लागलो. एक रुपया दहा पैसे जमले. मग माळीकाका आले आणि म्हणाले, "अरे, हा तर माझ्या फाटकाचा अडसर. दोन वर्षं शोधतोय." पैसे परत द्यावे लागले.

विरार_फास्ट | १८:३१

बावीस गिऱ्हाइकं! त्या शेवटच्या तीन वर्षांत रेल्वेला कुलाब्याहून एवढी कमाई झाली असती तर स्टेशन टिकलं असतं.

ओव्हलचा_प्रेक्षक | २०:०५

सगळे हळहळताहेत म्हणून मुद्दाम उलटं लिहितो. बरं झालं गेली.

ओव्हलच्या पश्चिमेची आर्ट डेको इमारतींची रांग डोळ्यांपुढे आणा. त्या गोलसर बाल्कन्या, ते फिके पिवळे-गुलाबी रंग, जिन्यावरच्या उभ्या काचा. १९३० च्या दशकातलं हे काम, म्हणजे रूळ उठल्यावरचं. समोर मैदान, पलीकडे हायकोर्ट-विद्यापीठाची गॉथिक रांग. याच दोन रांगांना मिळून २०१८ ला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. इरॉस १९३८ चं. तिथे रूळ राहिले असते तर ही रांग झाली असती का? झालीच असती तर मैदानाकडे तोंड करून नव्हे. ग्रँट रोड ते मरीन लाइन्स रुळांना लागून ज्या इमारती आहेत त्यांच्या पाठी बघा. खिडक्यांना काजळी, गॅलऱ्यांत कपडे, मधे कंपाउंडची भिंत. तसंच झालं असतं.

मी शनिवारी तिथे क्रिकेट बघायला जातो. एकाच वेळी दहा सामने चालू असतात आणि कुठला चेंडू कुठल्या सामन्याचा हे फक्त खेळणाऱ्यांना कळतं. तिथे दर तीन मिनिटांनी हॉर्न नकोच.

चर्चगेट_स्लो | २०:२०

तुम्ही शनिवारी जाता. मी सोमवार ते शुक्रवार जातो. एवढाच आपल्या मतांत फरक आहे.

सांधेवाला | २०:३४

+१

पांढरा_कांदा | २१:००

मला एक सांगा, मुंबईकरांनी तेव्हा गप्प कसं ऐकून घेतलं? आजकाल एक गाडी एसी केली तर लोक रुळांवर उतरतात.

ठाकूरद्वारी | रवि, १४ सप्टेंबर, ०७:०५

कांदेबुवा, प्रश्न विचारलात म्हणून सांगतो, नाहीतर हे लिहिणार नव्हतो.

१९३० सालच्या डिसेंबरातली मुंबई आठवा. एप्रिलपासून मिठाचा सत्याग्रह, हरताळ, प्रभातफेऱ्या, लाठीमार, तुरुंग. परदेशी कापडाच्या दुकानांपुढे पिकेटिंग. १२ डिसेंबरला काळबादेवीला परदेशी कापडाची लॉरी अडवायला बाबू गेनू आडवा झाला आणि ती त्याच्या अंगावरून गेली. गिरणी कामगार, म्हाळुंगे पडवळचा. सहा दिवसांनी गव्हर्नर साहेबांनी बॉम्बे सेंट्रलचं उद्घाटन केलं. आणखी तेरा दिवसांनी कुलाबा बंद. जे शहर महिनाभर अंत्ययात्रा आणि मोर्चे काढत होतं त्याला साहेबांच्या वस्तीतलं एक स्टेशन गेल्याचं सुतक पाळायला वेळ कुठून असणार?

आमच्या घरात त्या महिन्याच्या आठवणी पुष्कळ सांगितल्या जात. आजोबा ठाकूरद्वाराच्या नाक्यावर लाठी खाऊन आले तर आजीने हळदीचा लेप लावता लावता त्यांनाच रागे भरलं, वगैरे. कुलाबा स्टेशनाचा विषय त्यांत एकदाही आला नाही. आजीला विचारलं होतं मी एकदा. ती म्हणाली, "बीबीची गाडी ना? आम्ही कशाला तिकडे जातोय. ट्रॅम होती की." तेही खरंच. १८७४ ला मुंबईत घोड्यांची ट्रॅम सुरू झाली, ती कुलाबा ते पायधुणी. १९०७ पासून विजेची. गिरगाव-काळबादेवीच्या माणसाला कुलाब्याला जायला रेल्वेची गरजच नव्हती. गरज होती ती बांद्रा-अंधेरीच्या पुढे राहणाऱ्यांना, आणि ते तेव्हा होते किती? ते वाढले नंतर. तोवर ट्रॅमही गेली, ३१ मार्च १९६४ ला.

म्हणून मला वाटतं, लाइन चुकीची बंद झाली असं त्या वेळी कुणालाच वाटलं नसणार. ती चूक पुढे झाली, हळूहळू, जसजसं विरार भरत गेलं.

विरार_फास्ट | ०७:४०

म्हणजे शेवटी खापर आमच्याच डोक्यावर.

चेंबूरकरीण | ०८:१५

बाबू गेनूचा संदर्भ या धाग्यात येईल असं वाटलं नव्हतं. कुलाब्याहून हललेला कापूस आणि काळबादेवीचं कापड... बोका, तुम्ही म्हणालात ते एवढं दूरचं नाही.

बोरीबंदरचा_बोका | ०८:५०

आज मी काही विनोद करत नाही.

गणितज्ञ_गण्या | ११:२०

कुणी हिशेब तपासलाय का? टॅक्सीच्या रांगेतले आजोबा ८२ धरू. जन्म १९४३. वडील १९३० ला वीस-बावीस. म्हणजे कुलाब्याला उतरत असत ते लग्नाआधी, आणि मुलाला सांगत होते आठवण म्हणून. जुळतंय. आजोबा खरे आहेत.

चर्चगेट_स्लो | ११:३५

गण्याभाऊ, आभारी आहे. मी त्यांच्याकडे जन्मदाखला मागायला विसरलो होतो.

वसईचा_वेलची | गुरु, ९ ऑक्टोबर, २१:१०

धागा वर काढतोय. आजपासून मेट्रो ३ पूर्ण सुरू झाली! आरे ते कफ परेड, साडेतेहेतीस किलोमीटर. चर्चगेटच्या दक्षिणेला पुन्हा एकदा गाडी धावली. १९३० नंतर पंचाण्णवाव्या वर्षी. मधे ओव्हलपासून विरारपर्यंत वरून गाडी न्यायची योजना किती गाजली होती आठवतंय? ती राहिली कागदावर आणि ही गेली जमिनीखालून. धागाकर्ते, कुठे आहात? टॅक्सीची रांग सुटली का?

ओव्हलचा_प्रेक्षक | २१:३०

जमिनीखालून! म्हणजे माझं क्रिकेटही शाबूत. असंच करायला हवं होतं.

सांधेवाला | २२:०२

१९३० ला बोगदा खणून? अहो, तेव्हा भिंतीतून गाळ थांबवता येत नव्हता.

चर्चगेट_स्लो | रवि, १२ ऑक्टोबर, १९:४५

उशिरा आलो, क्षमस्व. शुक्रवारी मेट्रोने गेलो. चर्चगेटला लोकलमधून उतरून खाली गेलो, मधे विधान भवन, मग कफ परेड. डब्यात बसायला जागा. पाच-सात मिनिटांचा खेळ. तरी वर आल्यावर ऑफिसला चालावं लागतंच, कारण मेट्रोच्या सत्तावीस स्टेशनांत कुलाबा नावाचं नाहीच. म्हणजे ९५ वर्षांनी गाडी परत आली ती कुलाबा चुकवून.

आज सुट्टी होती म्हणून मुलाला घेऊन पुन्हा गेलो. मंजिरीताईंचा प्रतिसाद डोक्यात होता, तेव्हा म्हटलं ती जागा तरी बाहेरून बघू. कफ परेडला उतरून रमत गमत निघालो, बधवार पार्कच्या आसपास आलो. एका इमारतीच्या दारात वॉचमन खुर्ची उन्हातून सावलीत ओढत होता. त्याला विचारलं, "दादा, कुलाबा स्टेशन कुठे होतं हो?"

तो म्हणाला, "होतं म्हणजे? आहे की. सरळ जा, पुढे कुणालाही विचारा. काय चोरीला गेलं तुमचं?"

विरार_फास्ट | १९:५१

सांगायचं ना, दोन किलोमीटर रूळ.